अफवेचा तास

माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास मी मध्येच मोडला. मुलं रंगात आली होती, फळा बाणांनी भरला होता, घंटा व्हायला अजून अवकाश होता, आणि मी डस्टर उचलून सगळं पुसून टाकलं. त्याचा मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. तरी आजही शिकवण्याचा विषय निघाला की मला तोच तास आठवतो आणि जीव उदास होतो.

मी मूळचा मुदखेडचा. नोकरी लागली ती लातूरकडच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात, विज्ञानाचा मास्तर म्हणून. बायको-मुलं मुदखेडला, मी तिकडं एका खोलीत. स्वभाव तापट. शिक्षकांच्या खोलीत माझी चेष्टा चाले, की सर जंक्शनच्या गावचे आहेत, इंजिनाची वाफ अंगात घेऊनच आलेत. मला राग यायचा तो मुख्यतः गाईडांचा. धडा न वाचता गाईडातलं उत्तर घोकणारं पोर दिसलं की माझं डोकं फिरायचं. भिंगानं कागद जाळून दाखवा, लिंबात तार खुपसून छोटा दिवा लावून दाखवा, मग बघा पोरं कशी जागी होतात, असं मी मुख्याध्यापकांना सांगायचो. ते म्हणायचे, कागद जाळा, पण शाळा जाळू नका.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते त्या रात्री. आमचं गाव त्या पट्ट्यापासून जरा लांब होतं. भिंतींना भेगा पडल्या, काही घरांचे कोपरे ढासळले, पण गावात माणूस दगावलं नाही. मात्र गावातल्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी त्या पट्ट्यात होतं. कुणाची लेक दिलेली, कुणाची बहीण दिलेली, कुणाचं आजोळ. पहिले काही दिवस गावातून फक्त माणसं जात होती, ट्रॅक्टरनं, टेम्पोनं, चालत. परत येणारा कुणी काही बोलत नव्हता.

त्यानंतर सगळं गाव घराबाहेर झोपायला लागलं. ज्याला पत्रे मिळाले त्यानं पत्र्याचा आडोसा केला, ज्याला नाही मिळाले त्यानं ताडपत्री, नाहीतर जुनी लुगडी जोडून. उशाशी स्टीलच्या गिलासांची उतरंड रचायची पद्धत पडली. जमीन हलली की गिलास पडतील, आवाज होईल, जाग येईल. कुणाची मांजर धक्का देऊन गेली तरी अख्खी आळी रडत उठायची. मी मुलांना सांगितलं की हेच तुमचं भूकंपमापक यंत्र. फक्त मांजरीला ते वाचता येत नाही. त्या वर्गात कुणी हसलं नाही. त्या दिवसांत माझे विनोद असेच वाया जायचे.

शाळेची इमारत धोकादायक ठरवली होती. दिवाळीनंतर वर्ग भरले ते पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी आत भट्टी व्हायची. तरी सगळी मुलं आत बसत, एक मुलगी सोडून. आठवीतली, शिंप्याची पोरगी. ती दाराच्या चौकटीत बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. सणाला ती धाकट्या भावाला घेऊन आजोळी गेली होती. तिला दुसऱ्या दिवशी दगडमातीखालून जिवंत काढलं. भाऊ शेजारीच झोपलेला होता. तो गेला. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून तिला आत बस असं कुणी म्हणत नव्हतं. मीही म्हटलं नाही. प्रयोगवही मांडीवर घेऊन ती नीट लिहायची, अक्षर सुरेख होतं.

त्या काळात दुसरा एक धक्का गावाला सारखा बसत होता, तो अफवांचा. येत्या पुनवेला पुन्हा हलणार. धरणाचं पाणी उकळायला लागलंय. जमिनीतून लाव्हा निघणार. सगळ्यांचा उगम एकच, 'रेडिओवर सांगितलं म्हणे.' गावात रेडिओ मोजके, आणि जे होते त्यांचे सेल उतरलेले. पण उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. अफवा आली की शाळा ओस पडायची, लोक गाडीला बैल जुंपून माळावर निघून जायचे आणि दोन दिवसांनी थकून परत यायचे. मला याचा भयंकर संताप यायचा. माणसं मेली त्याचं दुःख होतंच, पण जिवंत माणसांना असं पळवणं मला बघवत नव्हतं.

म्हणून मी कार्यानुभवाचा तास ताब्यात घेतला. आधी एक सोपा प्रकार केला. त्याचं नाव मी ठेवलं होतं 'एक बातमी, तीन तोंडं'. भूकंपाची एकच बातमी रेडिओवर ऐकायची, वर्तमानपत्रात वाचायची आणि पारावर ऐकायची, आणि तिन्हीत काय सारखं, काय वाढवलेलं, काय गाळलेलं ते लिहून आणायचं. मुलांना मजा आली. पारावरच्या बातमीत दर वेळी कुणीतरी साप पाहिलेला असायचा. पेपरात जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानं भेट दिलेली असायची. रेडिओवर फक्त आकडे असायचे आणि मग शेतीचा कार्यक्रम. आमच्या वर्गाचा मॉनिटर, किराणा दुकानदाराचा मुलगा, त्यानं विचारलं, "सर, मग खरं कुठलं समजायचं?" कपाळावर भस्माचे ठळक पट्टे आणि डोळे चाकूसारखे, असा तो पोरगा होता. मी म्हटलं, ज्याला पाहणारा माणूस सापडतो ते. त्याला ते फार आवडलं.

नंतर आली अमावस्येची अफवा. येत्या अमावस्येला मोठा धक्का बसणार, आधीच्यापेक्षा मोठा, घराच्या आत असेल तो संपला. रेडिओवर सांगितलं म्हणे. गावाची पाचावर धारण बसली. तेव्हा मी मुलांना म्हणालो, आपण याचा माग काढायचा. प्रत्येकानं घरी एकच प्रश्न विचारायचा, 'तुला कोणी सांगितलं?' जो सांगेल त्याच्याकडं जायचं आणि त्यालाही तेच विचारायचं. भांडायचं नाही, खोटं पाडायचं नाही, फक्त विचारत मागं जायचं. उत्तरं फळ्यावर बाणांनी काढायची.

पोरांनी जे काम केलं ते मी जन्मात विसरणार नाही. एरवी पाढे म्हणताना डुलक्या घेणारी पोरं गावभर हिंडली. रोज तासाला येऊन फळ्यावर बाण काढायची. मी माणसांची नावं लिहू देत नव्हतो, फक्त जागा. विहीर, पार, एसटीचा थांबा, दुकान, न्हाव्याची टपरी. हळूहळू दिसायला लागलं की विहिरीवर बातमी आली ती दुकानातून, दुकानात आली ती गिरणीतून, पारावर आली तीही गिरणीतूनच. एसटीच्या थांब्यावर तर ती गावातून गेली होती, बाहेरून आलीच नव्हती. मुलं अगदी थरारून गेली होती. कुठल्याही गाईडात नव्हतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहत होतं. मी खूश होतो. इतका खूश की दारात बसलेल्या मुलीनं एकही बाण काढलेला नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्या दिवशी मॉनिटर धावतच आत आला. खडू उचलला आणि गिरणीभोवती जाड गोल काढला.

"सर, सापडलं. रेडिओ बिडिओ काई न्हाई. गिरणीवाल्या चाचांना इचारलं. ते म्हनले, एक पोरगी दळण घेऊन आली व्हती, तिनं सांगितलं. रेडिओवर ऐकलं म्हनली. चाचा म्हनले, तुमच्याच वर्गातली हाय."

सगळा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागला. मुली कुजबुजल्या. कुणाच्या घरचं दळण कधी असतं हे गावात सगळ्यांना पाठ. आणखी थोडा वेळ गेला असता तर ते बोट आपोआप दाराकडं वळलं असतं. मी दाराकडं पाहिलं. ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत होती. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

मी डस्टर घेतला आणि फळा पुसला.

"सर, अहो सर," मॉनिटर ओरडलाच. "शेवटचाच बाण ऱ्हायला."

"तास संपला."

"घंटा कुठं झाली?"

"मी म्हणतो म्हणून संपला. बस खाली."

तो बसला नाही. तिथंच उभा राहिला, हातात खडू धरून. मग म्हणाला, "तुमीच म्हनले व्हते, शेवटपर्यंत जायाचं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं असणार. मला त्याला कवेत घ्यावंसं वाटलं आणि मी त्याला दुसऱ्यांदा खाली बसायला सांगितलं.

शाळा सुटल्यावर ती मुलगी हापशापाशी थांबली होती. मी हात धुवायला गेलो तर तिनं दांडा धरला आणि हापसायला लागली. पाणी येत राहिलं.

"सर, गिरणीत मीच सांगितलं."

"मला कळलं."

"बाबा म्हनले, सोमवारी घरात जायाचं. मशीन गंजून चाललंय, लोकांचे कपडे भिजतेत. म्हनून सांगितलं. अमावस्येपातूर तरी थांबतील म्हनलं."

"आणि अमावस्या झाल्यावर?"

ती हापसायची थांबली. "मंग पुनव सांगितली असती," ती म्हणाली.

मी विज्ञानाचा मास्तर. मी फक्त म्हटलं की घरी जा, कुणाला काही सांगू नकोस. खोलीवर आलो आणि रडलो. एवढे दिवस मी अफवा पसरवणाऱ्याला शिव्या देत होतो. मनात त्याचं एक चित्रही होतं, एखादा चावट, रिकामटेकडा माणूस, पाराच्या कट्ट्यावर बसून गंमत बघणारा. आणि बाणाच्या टोकाशी निघाली ती ही.

शिंप्याचं घर मी पाहिलं होतं. दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर थरावर थर दिलेलं मातीचं छप्पर. उन्हाळ्यात गारवा देतं म्हणून वाडवडिलांनी प्रत्येक पिढीत एकेक थर वाढवलेला. आजोळी असल्याच छपरानं पोरीला गाडलं होतं. शिंप्याला जाऊन काही सांगावं तर तो ऐकणारा नव्हता, आणि पोरीचं नाव तर मला घ्यायचंच नव्हतं. मला जे येत होतं तेच मी केलं. पुढचा तास ठरवला.

मुलांना सांगितलं, दोन घरं करायची, वीतभर उंचीची. एक आपल्या गावातल्यासारखं, खडे आणि काळी माती, वर काटक्या आणि त्यावर मातीचे थर. दुसरं काड्यांचं, कोपरे दोऱ्यानं बांधलेले, वर पत्र्याचा तुकडा. दोन्ही एका फळीवर. फळीखाली गोट्या. फळी हलवली की जमीन हलली. शनिवारी सकाळच्या शाळेत पालकांना बोलावलं. मुख्याध्यापक म्हणाले, लोक आधीच घाबरलेत, तुम्ही आणखी हलवा. पण आले तेही.

मैदानात गर्दी झाली होती. शिंपीही आला होता, गळ्यात टेप तशीच लोंबत होती. सगळं मांडून झालं तेव्हा ती मुलगी पुढं आली आणि मातीच्या घराच्या दारातून दोन चिंचोके आत ढकलले, शेजारी शेजारी. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

फळी मॉनिटरनं ओढली. पहिल्याच हिसक्याला मातीच्या घराच्या भिंती बाहेरच्या बाजूला कोसळल्या आणि छप्पर धपकन आत बसलं. पत्र्याचं घर डुगडुगलं, तिरकं झालं, पण उभं राहिलं. बायका चक् चक् करायला लागल्या. मी छपराच्या वजनाबद्दल बोलायला सुरुवात केली.

"सर," शिंपी मध्येच म्हणाला, "तुमच्या फळीवर पडलं. माझं घर तर त्या रात्री पडलं न्हाई. खेळण्यावून का घर सोडायचं व्हय मानसानं? किती दिस उघड्यावर ऱ्हायाचं?"

माणसांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं त्याचं. त्यानं जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते तो सांगत होता, आणि मीच पोरांना शिकवलं होतं की पाहणाऱ्याचं खरं धरायचं. माझ्याकडं उत्तर तयार होतं, पण ते पुस्तकातलं होतं.

तेवढ्यात ती मुलगी फळीपाशी उकिडवी बसली आणि नखांनी माती उकरायला लागली. एक चिंचोका लगेच निघाला. तो तिनं पुसून बाजूला ठेवला. दुसरा सापडेना. माती ओली होती, ढेकळं झाली होती, ती एकेक ढेकूळ फोडून बघत होती. मी बोलायचा थांबलो. तिची आई पदर तोंडात घालून मागं वळली. बराच वेळ ती उकरत राहिली, आणि मग शिंपी तिच्याजवळ येऊन बसला. तोही उकरायला लागला. दुसरा चिंचोका त्यालाच सापडला. त्यानं तो मुठीत धरला, पोरीला उठवलं आणि तिला घेऊन घरी गेला.

पुढच्या आठवड्यात शिंप्यानं माळवद उतरवलं. टोपल्या टोपल्या माती काढून रस्त्यावर ढीग घातला, भिंती कमरेपर्यंत खाली घेतल्या, वर पत्रे टाकले. लोक त्याला हसले, की उन्हाळ्यात पापड भाजायला बरं. पण काहींनी पाहून तसंच केलं. अमावस्या आली आणि गेली. मुलगी मात्र शाळा सोडेपर्यंत दारातच बसली.

आणि मॉनिटर माझ्या हातून गेला. शाळेत तो येत होता, पहिलाही येत होता, पण त्या पुसलेल्या फळ्यानंतर त्यानं मला पुन्हा एकही खरा प्रश्न विचारला नाही. त्याचा एकच प्रश्न असायचा, "सर, हे परीक्षेला येतं का?" मी काचेच्या चंबूत पाणी उकळत असायचो आणि हा वही उघडून शांतपणे विचारायचा. त्याला ते कारण सांगायला मी मोकळा नव्हतो. सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, एवढा तो शहाणा होता. पण पोरीचं नाव न घेता सांगता येत नव्हतं, म्हणून गप्प राहिलो. दहावीनंतर तो लातूरला गेला, शिकवणीला. आमच्या गावातून शिकवणीसाठी गेलेला तो पहिला. पुढं मोठा डॉक्टर झाला असं ऐकलं.

त्याच्यामागून सगळेच जायला लागले. कानामागून आली अन् तिखट झाली, तशी ही शिकवणी. पडलेल्या गावांच्या जागी नवी गावं उभी राहिली, एका मापाची घरं, सरळ रस्ते, आणि त्या घरांतली पोरं एसटीत बसून लातूरला रवाना. आधी गणिताची शिकवणी, मग विज्ञानाची, मग अमुक पेपर सोडवायची. पालक मला रस्त्यात गाठून विचारत, "सर, तुमी नोट्स काऊन देत न्हाई?" मुख्याध्यापकांनी प्रयोगाचे तास काढून सराव परीक्षा लावल्या. त्यांचाही इलाज नव्हता, पट कमी झाला असता. मी भांडलो. नंतर भांडलो नाही. माझी ती गोट्यांवरची फळी शिपायानं भिंतीला ठोकली आणि तिच्यावर अपेक्षित प्रश्नसंच मांडले.

बदली होऊन मी नांदेडला आलो, कनिष्ठ महाविद्यालयात. वाटलं, शहरात तरी. तिथं प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि आत मोडके बाक होते. चौकाचौकांत हसऱ्या पोरांचे फोटो लागत, खाली मोठे मोठे गुण. अकरावी-बारावीची मुलं कॉलेजात नावापुरती, दिवसभर क्लासला. माझ्या तासाला जी चार पोरं येत ती क्लास परवडत नाही म्हणून आलेली असत, आणि त्यांचंही मन तिकडंच असे. मी एकदा वर्तमानपत्र घेऊन वर्गात गेलो. एका क्लासची पानभर जाहिरात होती. म्हटलं, ही बातमी आहे की जाहिरात ते शोधा, फोटोतल्या पोरांचं पुढं काय झालं ते कुठं छापलंय का ते शोधा. एका मुलीनं हात वर केला. मला आनंद झाला. ती म्हणाली, "सर, या क्लासची फी किती आहे?"

असा मी निवृत्त झालो आणि मुदखेडला परतलो. निरोपाला शाल मिळाली. विज्ञानाच्या मास्तराला शाल आणि नारळ.

आता हे अलीकडचं. एक दिवस सकाळी फोन आला. बाईमाणसाचा आवाज, मागं शिलाई मशीनची घरघर.

"सर, वळखलं का? मी शिंप्याची पोरगी. दारात बसायची ती."

ती नायगावला दिली होती. बापाचाच धंदा करत होती, ब्लाउज शिवत होती. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान. एकच मुलगी, हुशार, डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला वसतिगृहात ठेवलेली, क्लासला. बोलता बोलता मशीन थांबलं.

"सर, पोरगी दर इतवारी फोनवर नवी बातमी सांगून राहिली. कधी म्हणती पाण्यात पाल निघाली, सगळ्यांना कावीळ होऊन राहिली. कधी म्हणती परीक्षाच रद्द होणार हाय. कधी म्हणती पंखा पडून कोण मेलं. मोबाईलवर आलं म्हणती. आमी इचारलं तर तसं काईच न्हाई. तिचे पप्पा म्हणतेत, नाटकं करून राहिली."

"आणि तू काय म्हणतीस?"

"मी काय म्हणू, सर. मला तर मालूम हाय ना."

मी तिला विचारलं की मग तू जाऊन का येत नाहीस.

"मी गेले तं तिला घेऊनच येईन," ती म्हणाली. "तिचे पप्पा म्हणतेत, ते करायचं न्हाई. एवढं वर्ष काढू दे. तुमी मुदखेडहून एकदा जाऊन बघता का? तुमचं ते ऐकतील. काई व्हतंय म्हणून सांगा नायतर काई न्हाई म्हणून सांगा."

मी गेलो. लातूरचा तो भाग मला ओळखू येईना. घराला लागून घर, प्रत्येक घराचं वसतिगृह झालेलं, प्रत्येक गच्चीवर ओढण्या वाळत होत्या. पाठीला दप्तर लावून पोरं खाली मान घालून चालली होती. एवढी तरुण पोरं एका रस्त्यावर आणि हसण्याचा आवाज नाही. भूकंपानंतर आमच्या गावातून माणसं चालत गेली होती तशीच ही चालत होती.

वसतिगृहाच्या खालच्या खोलीत भेटायची सोय होती. देखरेखीच्या बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलगी आली. चेहरा आईचा. खांदे वर ओढलेले, नखं कुरतडून लाल झालेली. मला ती ओळखत नव्हती, पण आईचे सर म्हटल्यावर बसली, खुर्चीच्या कडेवर, दाराच्या बाजूला. जेवतेस का, झोप येते का, अभ्यास जमतो का, सगळ्याला ती 'हो सर' म्हणाली. मैत्रिणी आहेत का विचारलं तर म्हणाली, दर महिन्याला गुणांवरून बॅच बदलते, कुणी टिकत नाही. एवढं एकच वाक्य ती सरळ बोलली.

मग ती इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "सर, इथं परत भूकंप होणार म्हणतात. याच महिन्यात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मोबाईलवर आलंय."

पाल, कावीळ, पंखा, परीक्षा, सगळं सांगून झालं होतं, कशानंच आई हलली नव्हती. तेव्हा पोरीनं आईला कशाची भीती वाटते ते शोधून काढलं होतं. आईनं तिला कधीतरी सांगितलं असणार. मी जुन्या सवयीनं विचारायला गेलो, 'तुला कोणी सांगितलं?' आणि तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. मी विचारलं नाही.

इथं काय करून दाखवायचं होतं मला? कुठली फळी, कुठल्या गोट्या? या छपराचं वजन कुणाला दिसत नव्हतं. बाहेर सगळे म्हणत होते, घर तर पडलं नाही. दर वर्षी फोटो लागत होते, पोरं डॉक्टर होत होती, ते खरं होतं. फळीवर चिंचोके कुठं ठेवू आणि बापाला कसं उकरायला लावू? म्हातारपणी मास्तराला असा एकही प्रयोग सुचू नये याचं मला फार वाईट वाटलं.

मी तिथंच बसून तिच्या आईला फोन लावला. मुलगी समोर उभी होती.

"कशी हाय, सर?" तिनं विचारलं. मागं मशीन चालू होतं.

जन्मभर मी पोरांना सांगत आलो की पाहिल्याशिवाय बोलू नका. मी म्हणालो, "इथं सगळे म्हणून राहिलेत, लातूरला परत भूकंप होणार. याच महिन्यात. वसतिगृह जुनं आहे. मला तर हे काही ठीक दिसत नाही."

मशीन थांबलं. मग ती अगदी शांतपणे म्हणाली,

"सर, तुमाला कोणी सांगितलं?"

माझाच प्रश्न. मी समोर पाहिलं. पोरगी ओठ दाबून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रेडिओवर सांगितलं म्हणे," मी म्हणालो.

ती हसली नाही. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मशीनवरचा कपडा काढून घडी केल्यासारखी सळसळ झाली.

"दुपारच्या गाडीनं निघते," ती म्हणाली. "हे इचारतील. तुमचं नाव सांगू का?"

"सांग," मी म्हणालो. "कुणीही विचारत आलं तर बाण माझ्यापाशी आणून थांबव."